बर्वेदांचे चार साक्षीदार

आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. शेजारच्या टेबलावरच्या बर्वेदांशी मी एकदा खोटं बोललो. त्याची शिक्षा ते अजून भोगताहेत, आणि आनंदाने भोगताहेत, हे जास्त वाईट.

सॉल्ट लेकमधल्या आमच्या बंगाली ऑफिसात शाळेची पुस्तकं सजवली जातात. बर्वेदा रोज बराकपूरहून येतात आणि चहाच्याही आधी एकच फोटो चार वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. तो इतका मोठा करतात की पडद्यावर नुसता हिरवा चौकोन उरतो. मग चारही ठिकाणी ड्रॉपर टेकवतात. ड्रॉपर म्हणजे ज्या ठिपक्यावर ठेवाल त्या रंगाचा सहा अक्षरी नंबर सांगणारी खूण. चारही नंबर जुळले, की "साक्षीदार एकमुखाने बोलले!" असं जाहीर करून चहा मागवतात.

"बर्वेदा, गवाह मान गए?" समोरच्या टेबलावरची मौ रोज विचारते.

"मान गए. अब काम करो."

हा माणूस मुळात पाट्या रंगवणारा. ब्रश सोडून माउस धरला, पण कॉम्प्युटरमधलं ड्रॉपर सोडून काही शिकला नाही. बाकी सगळं मला विचारायचं. रंगात मात्र त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. पुस्तकातला आंबा तीन प्रोग्रॅममधून फिरून आला तरी कुठे आजारी पडला ते अचूक सांगतात. "डोळा लबाड असतो हो, कुलकर्णी. ड्रॉपर टाका!" व्हिडिओ मीटिंगमध्ये त्यांनी साहेबांच्या कुर्त्यावरही ड्रॉपर टाकला होता. "सर, मागच्या सोमवारी हा जरा गडद होता. गरम पाण्यात धुतलात का?" साहेबांनी कॅमेरा बंद केला.

एका दुपारी ते बँकेत गेले असताना मी त्यांच्या मोठ्या पडद्यावर क्रिकेटची मॅच बघितली. हिरवळ खुलून दिसावी म्हणून पडद्याची रंगांची सेटिंग भडक केली आणि ती तशीच विसरलो. काही प्रोग्रॅम त्या सेटिंगप्रमाणे रंग बदलतात, काही बदलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोन साक्षीदार फुटले.

बर्वेदांनी चहा मागवला नाही. त्या दिवशी नाही, पुढचे चार दिवसही नाही. पाचव्या दिवशी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"कुलकर्णी, फोटो उघडून उघडून झिजतो का हो?"

तेव्हा मला मॅच आठवली. ऑफिसच्या वेळेत बघितलेली. मी म्हणालो, "झिजत असेल. थोडे दिवस विश्रांती द्या."

"तरीच," ते म्हणाले. उठून आपल्या जागी गेले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर तो फोटो लहान केला. हिरवा चौकोन म्हणजे पदर होता. बराकपूरच्या गच्चीवर वहिनी कपडे वाळत घालत होत्या, मान वळवून हसत होत्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"लुगडं बहिणीला दिलं. हा एवढाच राहिला," ते म्हणाले. "रोज बघतो, ही कालच्याइतकीच आहे ना." आणि फोटो बंद केला.

मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन सेटिंग पूर्ववत केली. पण बर्वेदा शब्दाचे पक्के. आठवडाभर त्यांनी फोटोला हात लावला नाही. मग गुरुवारी उघडला. चारही नंबर जुळले. त्यांनी सगळ्या ऑफिसला संदेश, म्हणजे छेन्याची बंगाली मिठाई, वाटले. माझ्या हातावर दोन ठेवले. "तुमच्या विश्रांतीने बरी झाली हो!"

मी दोन्ही खाल्ले.

तेव्हापासून ते फोटो फक्त गुरुवारी उघडतात. बाकीचे दिवस सकाळी हात माउसवर जातो, थांबतो, आणि ते मौला म्हणतात, "आज उसका आराम है."

फोटो झिजत नसतो, बर्वेदा, पडद्याची सेटिंग मी बदलली होती. एवढं मला त्यांना तोंडाने सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही. आठवड्यातले सहा दिवस मी त्यांना देणं लागतो.