भोंग्यावरचा तास

बिडकीनच्या अलीकडच्या एका गावात आरोग्यसेविका द्वारकाबाईंनी नववी-दहावीच्या पोरापोरींना ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि आधी शब्द दिला, "इथलं बोलणं इथंच राहील. वयात येताना जे कुणाला इचारता येत नाय, ते चिठ्ठीवर लिहा. नाव टाकू नका."

पंखा ट्रॅक्टरसारखा घरघरत होता, म्हणून शिपाई फकिराने माइक जोडून दिला आणि तो चहाला गेला. पाण्याच्या टाकीवरच्या चार भोंग्यांचा स्विच बंद करायला मात्र तो विसरला. नळाला पाणी कधी येणार, हे गावाला याच भोंग्यांवरून कळत असे.

"पहिली चिठ्ठी," द्वारकाबाई म्हणाल्या. "स्वप्नदोषानं ताकद जाते का? नाय रे बाबा. नावातच दोष, त्यात काय नाय. वय वाढल्याची खूण हाय ती."

चौकातल्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला.

"दुसरी. एकदाच संबंध आला तरी दिवस जातात का? जातात. एक वेळ पुरते. म्हणून घाई नको, आन् निरोध कशासाठी असतो तेबी शिकून घ्या. काय घडलंच, तर भिऊन लपवू नका. माझ्याकडं या. मी रागावणार नाय."

वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टची बस सुटायची वेळ झाली होती. ड्रायव्हरने गाडी बंद केली.

"तिसरी. तो म्हणतो, प्रेम असंल तर तसला फोटो पाठव. नाय म्हणायचं! नाय म्हटल्यावर जो रुसतो, त्याला प्रेम नाय, फोटो पायजे असतो. आन् कुणी पाठवून बसलं असंल, तर गुन्हा धमकी देणाऱ्याचा. पोरीनं मान खाली घालायची नाय."

गिरणीवाल्याने गिरणी थांबवली.

"चौथी. मुलगा होणार का मुलगी, हे कुणामुळं ठरतं? आता ध्यान देऊन ऐका. हे ठरतं ते—"

आणि लाइट गेली. पंखा थांबला तसा बाहेरचा गलका आत ऐकू आला. धापा टाकत फकिरा दारात उभा. "बाई, घात झाला! भोंगे चालूच होते!"

पोरं रडवेली झाली. द्वारकाबाईंनी झटकन चिठ्ठ्या गोळा करून पर्समध्ये कोंबल्या आणि दार उघडलं. समोर अर्धं गाव. अर्धी दाढी झालेला एक जण तर खांद्यावर टॉवेल घेऊनच आला होता.

"चूक झाली, ती आमची," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण कोणती चिठ्ठी कुणाची, हे मी मेले तरी सांगणार नाय."

"ते कोण इचारतंय?" गर्दीतून पुढे येत म्हातारी साळूबाई कडाडली. "ठरतं ते कुणामुळं? तेवढं सांगा. लाइटीनं घोळ केला."

द्वारकाबाईंना एवढ्यातही हसू आलं. "बापामुळं, आजी. आईचा त्यात काय संबंध नाय."

साळूबाईने सावकाश मागे वळून नवऱ्याकडे, पुंजारामकडे पाहिलं. "चार पोरी झाल्या म्हणून चाळीस वर्सं मला बोल लावला. आता बोला!"

पुंजारामने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग छाती काढून तो गावाकडे वळला. "ऐकलं का? एक फौजदार, एक मास्तरीण, दोघी वाळूजला इंजिनेर. चारीच्या चारी माझ्यामुळं!"

गाव खो खो हसलं. दाराआडची पोरंही हसली. त्या हसण्यातच मास्तरणीची लेक, आजोळी शिकायला राहिलेली अंबिका, पुढे आली.

"आजोबा, ती फोटोची चिठ्ठी माझी होती."

हसू थांबलं. पुंजारामचा चेहरा उतरला. "पाठवलास?"

"नाय. पण आठ दिवस झाले, जेवण जात नव्हतं. कुणाला सांगावं कळत नव्हतं. आता त्याला नाय म्हणून सांगणार."

पुंजारामने नातीला जवळ घेऊन गर्दीवर नजर फिरवली. कुणी तोंड उघडतं का, हे पाहत होता. कुणी उघडलं नाही.

"साळू," तो म्हणाला, "हीबी माझ्यामुळंच बरं का!"

"व्हय," साळूबाई डोळे पुसत म्हणाली, "पण अक्कल माझी हाय."