तावडेंचा हर्निया

तावडे आमच्याकडे आले की आधी फ्रिजला कान लावतात, चहाचं नंतर बघतात. म्हणजे थेट कान नव्हे. खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग निकाल लागतो, "मास्तर, कॉम्प्रेसर कुरकुरतोय. खोलून बघायला पाहिजे."

खोपटच्या बसडेपोत पस्तीस वर्षं इंजिनं ऐकून हा माणूस रिटायर झाला आणि पूर्ण वेळ कळव्याच्या आमच्या सोसायटीच्या वाट्याला आला. तेव्हापासून इथे काहीही सुखानं चालू शकत नाही. पाण्याचा पंप, लिफ्ट, खालच्या मजल्यावरच्या जोशीबाईंचा मिक्सर, सगळ्यांना तो स्क्रूड्रायव्हर लागून झालाय. आमचा टेबलफॅन त्यांनी खोलायला घेतला तेव्हा मी म्हटलं, "अहो, चांगला चालतोय!"

"म्हणूनच शंका येते," तावडे म्हणाले. पुन्हा जोडल्यावर तीन स्क्रू उरले. "कंपनी जास्तीचे घालते," असं सांगून त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले. पंखा तेव्हापासून मान फिरवत नाही.

मागच्या दिवाळीनंतर दोन-तीन दिवस तावडेंचं समोरचं दार बंदच दिसलं. चौकशी केली तर तावडेवहिनी म्हणाल्या, "ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय." आता आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळं न्यायचं आणि स्वतःचं दुखणं सांगून यायचं. मी दोन्ही केलं. मला खरोखरच हर्निया होता आणि आठ महिने मी तो अंगावर काढत होतो.

"डॉक्टर कसा आहे?" मी विचारलं.

"एक नंबर. हाताला सफाई आहे," तावडे पडल्या पडल्या म्हणाले. वहिनी घाईघाईनं स्वयंपाकघरात गेल्या. उशाशी फाइल होती, तिच्यावरचं डॉक्टरचं नाव आणि पत्ता मीच उतरवून घेतला. मला कोणी दिला नव्हता, हे कबूल करतो.

पुढच्या आठवड्यात हिला घेऊन ठाण्याला गेलो. बाहेर बसलेल्यांत बहुतेक पुरुष, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. किती शिस्त आहे, असं मला कौतुक वाटलं. आत गेल्यावर मी रुबाबात म्हणालो, "डॉक्टर, आमच्या तावडेंचं केलंत ना, तस्संच माझं करा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तावडेंनी तुम्हाला सगळं सांगितलंय?"

"सगळं!"

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक नमुना काढून टेबलावर ठेवला. दोन लवचीक नळ्या, एक छोटा पंप आणि एक पाण्याची पिशवी. "पिशवी पोटात बसते, नळ्या लिंगात, पंप खाली अंडकोशात. पंप दाबला की पाणी नळ्यांत चढतं, ताठरता येते. संबंध झाल्यावर बटण दाबून उतरवायचं."

तीस वर्षं शाळेत शिकवूनही मला ते चटकन समजलं नाही. हिला समजलं. हिनं पर्स उचलली. "अहो, आणि हे तुम्ही मला न विचारता ठरवलंत?"

हर्नियाचे डॉक्टर वेगळे असतात एवढं ज्ञान घेऊन आम्ही परत आलो.

संध्याकाळी तावडेंची माफी मागायला गेलो. वहिनी भाजीला गेल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं आणि ते हाकलून देतील याची वाट बघत बसलो.

"पंप बघितलात?" तावडे एकदम उठून बसले. "त्याचा वॉल्व्ह बघितलात? मी डॉक्टरला म्हटलं, एक खोलून दाखव. नाय म्हणाला." मग ते पुन्हा उशीला टेकले. आवाज उतरवून बोलायला लागले.

"हिचं तीन वर्षांपूर्वी कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तुम्हाला माहितीये. छातीची एक बाजू काढली. त्याच टायमाला माझी शुगर वाढलेली. शरीर साथ देईना. लाज वाटली मास्तर. घोरतो म्हणून सांगून हॉलमध्ये झोपायला लागलो. हिला वाटलं, हिच्या ऑपरेशनमुळेच."

अख्ख्या सोसायटीच्या मोटरी ऐकणाऱ्या ह्या माणसाला घरातलं एवढं ऐकू आलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

"एकदा बहिणीशी फोनवर बोलत होती. म्हणाली, त्यांना आता माझ्याकडे बघवत नाही गं. मी त्याच दिवशी खरं काय ते सांगितलं. तर म्हणे, माझी समजूत काढताय. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, काय उपयोग नाय. शेवटी तिला घेऊनच डॉक्टरकडे गेलो. हे शुगरनं होतं, असं त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिला पटलं. तिथंच रडली."

"मग झालं की! ऑपरेशन कशाला केलंत?"

"ती पण हेच म्हणाली. मला काय नको, तुम्ही नुसते आत झोपायला या." तावडे चादरीची सुरकुती काढत राहिले. "नुसता गेलो असतो, तर तिला जन्मभर वाटलं असतं, हा दया करतोय. दया नाय हो मास्तर. मला ती पाहिजे होती."

साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या हिला मी हे शेवटचं कधी म्हणालो होतो, ते मला आठवेना.

तेवढ्यात लॅच वाजलं. वहिनी आत आल्या, घामाघूम, केस विस्कटलेले, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर लोंबतेय. पिशवी खाली ठेवून त्यांनी पदरानं गळा पुसला. मी निघायला उठलो, पण तावडेंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते वहिनींकडे बघत होते. इतका वेळ, की शेवटी वहिनीच अवघडल्या.

"अहो, काय बघताय?"

"तुला," तावडे म्हणाले.