लाल शिंगांच्या सायकलीचं प्रकरण

‘देवानंद. गुन्हेगारांचा कर्दनकाळ, सत्याचा पुजारी, बुद्धीचा महामेरू. तपास लागेपर्यंत चहाचा खर्च पक्षकाराकडे.’

हे व्हिजिटिंग कार्ड आमच्या भाऊजींनी स्वतः लिहिलं आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानात फुकटात छापून घेतलं. पूर्वी ते विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरायचे. न बोलावता लोकांच्या घरात शिरायची विद्या त्यांना तिथेच मिळाली, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी अमरावतीत गुप्तहेरगिरी सुरू केली. आजवर सात प्रकरणं झाली. त्यातली तीन हरवलेल्या मांजरांची. तिन्ही मांजरं आपल्या पायांनी घरी आली आणि श्रेय भाऊजींनी घेतलं. मी किशोर, त्यांचा मेहुणा आणि सहायक. नोकरी असती तर कधीच सोडली असती, पण बहिणीच्या नवऱ्याला राजीनामा देता येत नाही.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. नांदगाव पेठेकडच्या शकुनबाई मुलीला घेऊन दुकानात आल्या. त्यांची झेंडू-शेवंतीची शेती. मुलगी रागिणी रोज पहाटे बापाच्या काळ्या अवजड सायकलीवर फुलांच्या दोन टोपल्या बांधून अमरावतीच्या बाजारात यायची, आणि येताना माझ्यासारख्या स्कूटीवाल्यांना मागे टाकायची. कॉलेजच्या सरांनी ते पाहिलं. पंधरा दिवसांनी विद्यापीठाच्या संघाची निवड होती आणि त्यासाठी रेसची सायकल हवी होती. घरात जमले होते वीस हजार. नवीन सायकल त्याच्या दुपटीत. मोबाइलवर अकोल्याची एक जुनी दिसली, आठ महिने वापरलेली, अठरा हजारात.

"इतली सस्ती काहून हाये, तेच समजून नाई राहिलं," शकुनबाई म्हणाल्या. "चोरीची निघाली तं पैसेई जातीन अन पोरीच्या मागं पोलीसई लागतीन."

"काकाजी, तुमी फक्त चोरीची हाये का नाई तेवढं पाहा," रागिणी म्हणाली. "बाकी सायकल मी पाहून घेईन."

भाऊजी हसले. "बेटा, सायकल निवडणं मले नको शिकवू. घंटी खणखणीत पायजे अन कॅरिअर मजबूत पायजे."

"रेसच्या सायकलीले घंटी नसते काकाजी. कॅरिअर नाई, स्टँड नाई, मडगार्डई नाई."

भाऊजींनी डोळे बारीक केले. "म्हणजे अर्धी सायकल आधीच चोरीले गेली हाये. किशोर, लिहून घे."

मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एस.टी.नं अकोल्याला गेलो. गावाच्या टोकाला विकणाऱ्याचं, नितेशचं घर होतं. अंगणात बाजेवर त्याचे आजोबा बुधाजी बसले होते. सायकल रिकाम्या गोठ्यात भिंतीला टेकवलेली. रागिणीनं ती एका हातानं उचलली, दोन पायांत घेऊन उंची पाहिली, आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, माह्याच मापाची हाये!" दुकानात तिच्या चेहऱ्यावर हे हसू नव्हतं.

"खाली ठेव!" भाऊजी ओरडले. "कोणीच हात नाई लावायचा. पुरावा हाये तो."

मग पुढचा अर्धा तास भिंग घेऊन त्यांनी सायकलीभोवती प्रदक्षिणा घातल्या. पुरावे खरोखरच होते. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, त्याच्या दोन्ही टोकांना लाल रंग. चाकांच्या कड्यांना पिवळा थर. आणि सीटखाली लोकरीचा एक गोंडा.

"विकून काहून राहिले?" भाऊजींनी नितेशला दरडावलं.

"ब्रेक लागत नाईत. पयले बरे होते, आठ दिवसांपासून लागतच नाईत. परवा सरळ नालीत गेलो."

"दुकानात दाखवली?"

"दाखवायलेच तं नेऊन राहिलो होतो. मधात नाली आली."

भाऊजींनी मान डोलावली. नितेश प्रामाणिक वाटत होता आणि प्रामाणिक माणसावर त्यांचा पहिला संशय असतो. "पयला सिद्धांत. लाल म्हणजे रक्त. या सायकलीनं एक जीव घेतला हाये."

"तो रंग हाये," शकुनबाई म्हणाल्या.

"दुसरा सिद्धांत. पिवळं म्हणजे हळद. हळदीच्या अंगानं नवरदेव मांडवातून सायकलवर पळाला. तो नवरदेव म्हणजे तूच, नितेश!"

घरातून नितेशची बायको पायल झारा घेऊन बाहेर आली. भाऊजींनी तो सिद्धांत तिथेच सोडला.

"तिसरा. गोंडा. भानामती! अन नसन भानामती, तं आंतरराज्य टोळीची खूण." एवढं बोलून त्यांनी पुराव्याची प्रत्यक्ष चाचणी घ्यायचं ठरवलं आणि सायकलीवर बसले. गोठ्यासमोर उतार होता. उताराच्या शेवटी शेणखताचा ढीग होता. दोन्ही ब्रेक दाबत आणि आईचं नाव घेत भाऊजी ढिगात गेले.

आम्ही हसलो. रागिणी हसली नाही. "चाकं खराब असतीन आई. दोनी बदलायची म्हणलं तं विसात नाई बसत." ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली. मला खरंच वाईट वाटलं. दुसरी एवढी स्वस्त सायकल पंधरा दिवसांत कुठून मिळणार होती?

शकुनबाई मात्र उठल्या आणि ढिगातून आधी सायकल काढली, मग भाऊजींना. सायकल धरताना त्यांचं बोट कड्याला लागलं. त्यांनी बोट पाहिलं, वास घेतला, आणि बाजेकडे वळल्या.

"बाबाजी, हे तं हळद-लोणी हाये. खांद शेकली का तुमी सायकलीची?"

बुधाजी खाली पाहत म्हणाले, "मंग काय करू माय?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून थकलेल्या बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बुधाजींचे बैल मागच्या वर्षी विकले गेले, ट्रॅक्टर आला.

"साठ वर्षात गोठा कधी रिकामा नव्हता," बुधाजी म्हणाले. "हे एकच जनावर उरलं होतं. याले शिंगंई हायेत. म्हणून शिंगं रंगवली, गोंडा बांधला. सारं वजन चाकाची कडी वाहते, तं तेच खांदे समजून चोळले. आवतणई देल्लं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"मग जेवली का?" मी विचारलं.

"सीटवर पुरणपोळी ठेवली होती. कुत्र्यानं खाल्ली."

ब्रेकचे रबर त्याच कड्यांना पकडतात, लोण्यावरून ते घसरणारच. शकुनबाईंनी राख आणि साबण मागितला. मायलेकींनी कडी घासली, ब्रेकचे रबर खरवडले. रागिणी उतारावरून वाऱ्यासारखी आली आणि भाऊजींच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबली.

"तपास पूर्ण!" भाऊजी शेणासकट गरजले. "या सायकलीत काडीचाई दोष नाई! पस्तीस हजाराचा माल हे लोक अठरात देऊन राहिले!"

विकणाऱ्यासमोर असं ओरडणारा पक्षकाराचा गुप्तहेर जगात दुसरा नसावा. नितेशनं कान टवकारले. "दोषच नाई तं मी काहून विकू? अन विकलीच तं तीसच्या खाली नाई."

रागिणीनं हँडलवरचा हात काढला. "बराबर हाये दादा. सायकल चांगली हाये. तुमीच चालवा." तिनं तोंड फिरवलं.

"थांब बेटा," बुधाजी उठले. "दिवसाले किती चालवते तू?"

"चाळीस किलोमीटर, आबा. टोपल्या धरून."

"अन तू रे नितेश?"

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून पायलनं दिलं, "जानेवारीत दोनदा. मंग सीट टोचते म्हणे."

"बैलाच्या बाजारात एकडाव तोंडातून निघालेला भाव वाढत नाई," बुधाजी नातवाला म्हणाले. "अठरा म्हणला, तं अठरा. अन चालणारं जनावर दावणीले बांधून ठेवू नये."

नितेशनं पायलकडे पाहिलं. झारा अजून तिच्या हातात होता. त्यानं अठरा हजार घेतले आणि सायकलीची मूळ पावती दिली.

निघताना बुधाजींनी हँडलवरून हात फिरवला. "पुढच्या पोळ्याले घेऊन ये याले. आवतण आताच देतो."

"येईन आबा. पण लोणी मी लावीन. जिथं लावाचं तिथंच."

रागिणी सायकलवरूनच घरी निघाली. आम्ही नेहमीप्रमाणे उशिरा आलेल्या एस.टी.त बसलो. भाऊजींजवळ कोणी बसेना, म्हणून त्यांना तिघांची सीट मिळाली. तिथे त्यांनी वहीत लिहिलं, ‘आठवं प्रकरण. उकल: स्वतः.’ आणि झोपले. शकुनबाई सारा वेळ खिडकीतून रस्ता पाहत होत्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे बसनं एका सायकलीला गाठलं. पोरगी वाकून पायडल मारत होती आणि हँडलच्या टोकांचा लाल रंग तिनं पुसला नव्हता.

शकुनबाई खिडकीबाहेर अर्ध्या वाकल्या आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "माही पोरगी हाये ते! माही पोरगी!"

भाऊजी दचकून उठले. "कोण पळालं? धरा त्याले!"

"नाई धरू शकत कोणी," शकुनबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.