ल्वार, व्हाया बोरगाव

आमच्या शेजारचे आप्पा वकील रोज निपाणीहून सायकलवरून बोरगावला जाऊन येतात आणि फ्रान्सला जाऊन आलो म्हणून सांगतात.

"आज आंबुआज करून आलो, आक्का," माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीला सायकल टेकवत ते म्हणतात. "नदीला पाणी कमी हाय. गढीपाशी मात्र लई गर्दी."

गढी म्हणजे बोरगावचा बसस्टँड. आणि नदी म्हणजे आपली दूधगंगा. मी एकदाच तसं बोलून दाखवलं, तर डोक्यावरचं हेल्मेट काउंटरवर आपटून म्हणाले, "मला हे मान्य न्हाय! अंतर तेवढंच, चढ तेवढाच, नदी डाव्या हाताला. मग फरक काय राहिला?"

"भाषेचा," मी म्हणाले.

"ती निपाणीत तरी कुठं एक हाय?"

मी गिऱ्हाइकाच्या गोळ्या काढून दिल्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ल्वार ही फ्रान्समधली एक मोठी नदी. तिच्या काठाकाठानं जुन्या राजांच्या गढ्या आहेत, द्राक्षाचे मळे आहेत आणि खास सायकलींसाठी केलेली वाट आहे. आंबुआज, सोम्यूर ही त्या काठावरची गावं. ही माहिती मी हौसेनं मिळवलेली नाही. गेली काही वर्षं ती माझ्या दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून मला सक्तीनं ऐकवली गेली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाचा रक्तदाब आप्पांनी सोम्यूरच्या पुलाचं वर्णन करकरून वाढवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आप्पांनी आपल्या भागातल्या एकेका रस्त्याला फ्रान्समधल्या एकेका रस्त्याची जोडी लावून ठेवली आहे. तवंदीचा घाट तिकडच्या कुठल्याशा डोंगराला जोडलाय. एका पावसाळ्यात दोन दिवस जांबोटीच्या जंगलात गेले होते, ते पोटऱ्यांना जळवा चिकटवून परत आले आणि म्हणाले, "दॉर्दोन्यच्या खोऱ्यात ओल फार." पट्ट्या बांधल्या मी. दॉर्दोन्यचं कोणी आलं नाही. आणि ते सायकल चालवताना जी काळी तंग चड्डी घालतात, तिच्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. गल्लीतल्या बायकांनी पुरेसं बोलून ठेवलेलं आहे.

बरं, स्वतः खूळ करतात तर करोत, पण जगानंही ते पाळावं असा हट्ट! उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला, की हे सायकल आडवी घालून उभे.

"ही सायकलची वाट हाय! ल्वारच्या काठाला असली गाडी आणून दाखव, परवाना जाईल!"

ट्रॅक्टरवाला बिचारा गाणी बंद करून विचारतो, "ल्वार कुठं आलं, वकीलसाहेब? सदलग्याच्या पल्याड?"

सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तर कहरच केला. पोलिसानं कानडीत साधं विचारलं, "एल्लिंद बंद्रि?" म्हणजे कुठून आलात. हे म्हणाले, "सोम्यूर." पोलिसाला वाटलं, महाराष्ट्रातलं एखादं खेडं असेल. त्यानं कागद मागितले. सायकलला कसले कागद म्हणून आप्पा भडकले आणि तिथंच त्याला वाहतुकीचा कायदा शिकवायला लागले. शेवटी त्या पोलिसानं हात जोडून वाट मोकळी केली. आयुष्यभर कोर्टात जेवढे खटले जिंकले नसतील, तेवढे या माणसानं रस्त्यावर जिंकलेत.

आणि मला सगळ्यात संताप यायचा तो त्यांच्या एका नियमाचा. सायकलवर असताना कुणाच्याही घरात पाऊल टाकायचं नाही. बोरगावात त्यांचे जुने पक्षकार आहेत, वेळेला देव म्हणून ज्यांनी यांचे पाय धरलेत असे. ते दारात उभं राहून "वकीलसाहेब, घोटभर च्या तरी" म्हणतात, आणि हे आपले "सायकलवाला घरात शिरत न्हाय" म्हणून पुढं जातात. दुपारचं ऊन डोक्यावर आलं, की नदीच्या काठाला बसून स्वतः केलेला डबा एकटेच खातात. माणसांची मनं मोडून! मी याला शुद्ध माज समजत होते.

बरं, इतका फ्रान्सचा सोस, तर जावं की माणसानं एकदाचं! अडचण काहीच नव्हती. यांची एकुलती एक लेक, रेणू, तिथंच त्या ल्वारच्या काठावरच्या गावात राहते. जावई बेळगावचा, तिकडं इंजिनिअर. आई गेल्यापासून रेणू दरवर्षी यांना बोलावते. हे दरवर्षी व्हिसा काढतात, तिकीट काढतात, सगळ्या गल्लीला नकाशा दाखवून हैराण करतात आणि जायचं जवळ आलं की रद्द करतात. एकदा गुडघा दुखत होता. एकदा तिकडं थंडी होती. एकदा तर म्हणाले, तिकडच्या रस्त्याचं काम निघालंय.

गेल्या वर्षी रेणूचा मला फोन आला. "काकू, बाबांनी परत रद्द केलं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मी दुकान पोराच्या ताब्यात दिलं आणि तशीच आप्पांच्या घरात घुसले. ते चेनला तेल घालत बसले होते.

"उठा," मी म्हणाले. "काय लावलंय तुम्ही? लेक तिकडं रडतीय आणि तुम्ही हितं बोरगावला आंबुआज म्हणत फिरताय?"

"आक्का, तिकडं सध्या वारा उलटा असतोय—"

"वारा गेला खड्ड्यात! मला ठाऊक हाय तुमचं कारण. तिला अजून मूल न्हाय, म्हणून तुम्हाला लेकीच्या घरचं अन्न चालत न्हाय. व्हय का न्हाय? कायदा शिकलेला माणूस तुम्ही, आणि असली रीत धरून बसलाय? लाज वाटत न्हाय?"

आमच्याकडं जुन्या घरांत ही रीत अजून आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही. मला ती रीत डोळ्यांसमोर नको, म्हणून मी आणखीही बरंच बोलले. आप्पांनी ऐकून घेतलं. एरवी वाक्यावाक्याला हरकत घेणारा माणूस, तेलाचा हात फडक्याला पुसत राहिला.

"रीत कोण मानतंय, आक्का?" ते शेवटी म्हणाले. "सोयरिकीतल्या सगळ्यांशी भांडलोय मी त्यावरनं. पण लग्नात, पाठवणीच्या वेळी, रेणू लई रडायला लागली. हसवायचं म्हणून मी मांडवात सगळ्यांसमोर बोललो, रडू नगंस, तुझ्या घरी मी आता बारशालाच जेवायला येणार. हसली ती. झालं."

मी तेलाची बुधली बाजूला सरकवून खाली बसले.

"नंतर दोनदा दिवस राहिले तिला. दोन्ही बारीला न्हाय टिकलं. दवाखान्यातनं फोन केलेला, तर पहिलं वाक्य काय? बाबा, तुमचं जेवण लांबलं." आप्पांनी फडकं घडी करून ठेवलं. "आता मी उठून गेलो आणि तिच्या ताटावर बसलो, तर तिला काय कळंल सांग. बापानं आशा सोडली, असंच ना?"

"मग जाऊच नका."

"मग ती दिसणार कधी मला?"

ते सायकलकडं बघत म्हणाले, "म्हणून हे काढलं. सायकलवाल्याला कुणी घरात या म्हणत न्हाय, चिखलाचे बूट, घामेजलेलं अंग. नदीकाठाला बसायचं, खायचं, पुढं जायचं. तीही येईल काठाला. घर न्हाय, ताट न्हाय. सगळं बसवलंय मी. पण 'बाबा, आत या' म्हणाली तर काय सांगायचं, तेवढं जमत न्हाय. तिथं आलं की तिकीट रद्द करतो."

इतकी वर्षं मी या माणसाला चक्रम म्हणत आले. तो चक्रम आहेच. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण त्या दिवशी मी घरी जाऊन कडक भाकरीचं पीठ मळलं. महिनाभर टिकते आमच्याकडची ती भाकरी. बरोबर शेंगाचटणी बांधली आणि पुडकं आप्पांच्या हातात देऊन ठणकावलं, "नवीन तिकीट काढा. या खेपेला रद्द केलंत, तर माझ्या दुकानाची पायरी चढायची न्हाय. आत या म्हणाली तर म्हणाली. तिथल्या तिथं बघा काय ते."

गेले. खरंच गेले. मी बेळगावच्या विमानतळावर सोडून आले, नाहीतर भरवसा नव्हता.

पंधरवड्यानं रेणूचा फोन आला. बाबांनी भाड्यानं सायकल घेतलीय, शेजारच्या गावात लॉज धरलाय, रोज दुपारी नव्या वाटेनं येतात, घराखालच्या काठावर दोघं बसून डबा खातो, द्राक्षवाल्या शेतकऱ्याशी बाबांचं रस्त्यावरून भांडणही झालं, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसल्यामुळं ते फार रंगलं, असं सगळं सांगत होती. हसत होती.

माझं डोकं मात्र फिरलं. न येण्याचं खरं कारण रेणूला सांगणार नाही असा आप्पांना मी शब्द दिला होता, त्यामुळं खरं काही बोलता येत नव्हतं. तरी राहवलं नाही.

"अगं, एवढ्या लांबनं बाप आलाय आणि लॉजवर झोपतोय? काठावर बसून जेवतोय? तुझ्या तोंडून एकदा तरी 'आत या' निघालं का?"

"न्हाय काकू," ती म्हणाली. "मी दार ओढून घेऊनच खाली जाते."

"का गं?"

तिचं हसणं थांबलं.

"आत या म्हटलं तर ते येतील, काकू. बारशाआधीच जेवतील."