सासऱ्यांची गाडी आणि दुधनीचा रस्ता

खरं तर बाबांना भाड्याच्या गाडीने दुधनीला, धरणाचं पाणी बघायला, नेता आलं असतं. पण माझी जीभ! "त्यात काय, तुमच्याच गाडीतून जाऊ की!" असं मी सकाळी चहा पिता पिता बोलून गेलो. मधुराने, म्हणजे आमच्या सौ.नी, कपावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. गाडी त्यांचीच, एकोणीसशे बहात्तरची. (वय माझ्याहून दोन वर्षांनी जास्त, आणि तब्येत... जाऊ द्या.) नाशिकचं घर आवरताना त्यांनी ती माझ्याकडे सिल्वासाला ठेवायला दिली. मी ती नेतो भाजी मार्केटपर्यंत. आता ते बघायला आले होते. "धड ठेवली असेल तर तुमची, शंतनुराव. नाही तर सौरभ केव्हाचा मागतोय." सौरभ म्हणजे माझा पुण्याचा साडू. त्याचं सगळंच छान असतं. उद्या तो प्रत्येक लग्नामुंजीत या गाडीतून रुबाबात उतरणार आणि मी एसटी स्टँडवरून घाम पुसत चालत येणार, या विचाराने मला आठ दिवस झोप नव्हती.

गावाबाहेर सात-आठ किलोमीटर गाडी अशी काही पळाली, की मी शीळसुद्धा घातली. मग फट्‌ फट्‌ झालं, दोन गचके बसले आणि इंजिन गप्प.

"काय झालं?" बाबा.

"काही नाही. प्लग." मी टुणकन उतरलो. बसून विचार करणं माझ्या रक्तातच नाही. अहो, सूत कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर आहे मी! चारी प्लग काढले, पुसले, बसवले. वीस मिनिटांनी चावी फिरवली, तर गाडी सुरू!

"बघितलंत? प्लगच!"

खानवेलच्या अलीकडे पुन्हा फट्‌ फट्‌.

"आता कार्ब्युरेटर," मी जाहीर केलं. जेट काढून फुंकलं (तोंडात पेट्रोल गेलं, तरी हसलो). गाडी सुरू! तिसऱ्यांदा पॉइंट घासले. सुरू! चौथ्यांदा काही सुचेना, म्हणून बॅटरीच्या तारा उगाच हलवल्या. तरी सुरू! माझा हात लागला की गाडी बरी होत होती. फक्त बरी राहत नव्हती.

पाचव्यांदा ती चढावर बंद पडली. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, बाबा घड्याळ बघत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे सौरभ गॉगल लावून स्टिअरिंगवर बसला होता. पाना हातात धरून मी गाडीला प्रदक्षिणा घालायला लागलो.

"अहो, पेट्रोल तरी आहे ना?" मधुरा खाली उतरली.

"मधुरा, मी इंजिनिअर आहे."

"म्हणूनच विचारतेय." तिने टाकीचं झाकण फिरवलं. सुस्सऽऽ! केवढा आवाज! ती दचकून मागेच सरली.

बाबांनी झाकण घेतलं, उलटंसुलटं केलं. "टाकीत हवा जायला इथे बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल पुढे सरकत नाही; गाडी थांबली की जरा हवा झिरपते, म्हणून पुन्हा सुरू. त्यात हा करडा दगड कोणी भरला?"

आता काय सांगणार? आमच्या कारखान्यात हवेची गळती शोधून बंद करणाऱ्याला दर महिन्याला प्रशस्तिपत्र देतात. मला लागोपाठ तीन मिळालीत. (हॉलमध्ये लावलीत, या कधी तरी.) भोक दिसलं की बुजवायचं, असा हातच बसलाय माझा. दसऱ्याला गाडी धुताना झाकणाला भोक दिसलं, आणि खिशात पाइप बुजवायचा मसाला होताच.

"गळती होती, बाबा," मी पुटपुटलो.

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, शंतनुराव. पण गाडीला तोंड कुठाय?"

त्यांनी मधुराकडून सेफ्टी पिन घेतली आणि दोन मिनिटांत भोक मोकळं केलं. पुढे दुधनीला जाऊन घरी परत येईपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. मला मात्र पाण्याकडे बघवेना.

शेवटी बिल्डिंगखाली उतरल्यावर ते म्हणाले, "गाडी तुमच्याकडेच राहू द्या."

मला भरून आलं हो! "सौरभला नाही?"

"सौरभ हुशार आहे. महिन्याभरात ठणठणीत करून चांगल्या भावात विकून मोकळा होईल." बाबांनी बॉनेटवरून मायेने हात फिरवला. "तुमच्याकडे ती भीती नाही."

"थँक्यू, बाबा!" मी अगदी मनापासून म्हणालो. मधुरा एवढी का हसतेय, ते मला दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळलं.