दामूअण्णाची सही

दामूअण्णा कोणाच्याही घरी गेला की चहाच्या आधी खिशातून ओळंबा काढायचा. दोरीला लोंबणारं ते वजन भिंतीशी धरून, भिंत सरळ आहे की तिरपी ते पाहायचा. माझी बायको गेली, तेराव्याला माणसं जमली, तेव्हाही यानं माझी भिंत पाहिलीच. म्हणाला, "भौ, अर्धं बोट कलली." मी म्हणालो, "मी पण कललोय. बस खाली."

राजपुऱ्यातला हा जुना गवंडी. भिजवलेला चुना पंधरा दिवस मुरल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि आयुष्यातली बाकी कामंही त्याच हिशेबानं. काहीही विचारा, "चुना मुरू दे, बाद में बघू." सदऱ्याचं कापड वर्षभर ट्रंकेत. लग्नाची मुलगी पाहिली तीही दोन वर्षं मुरवली. शेवटी सासराच विचारायला आला की, बाबा, जिवंत आहेस ना.

त्याचा पोरगा मधू इंटर पास झाला. गणितात पहिला. मास्तरांनी इंजिनिअरिंगचा फॉर्म आणून दिला. आधी आमची पोरं नागपूरला जायची, तिथं अण्णाची बहीण होती. आता नवं राज्य झालं, नागपूर सीमेपलीकडं, दुसऱ्या राज्यात गेलं. आपल्या राज्यातलं कॉलेज म्हणजे जबलपूर, आणि तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नाही. फॉर्म सोमवारपर्यंत पोचायला हवा होता, त्यावर बापाची सही हवी होती, आणि अण्णानं तो ट्रंकेत मुरायला टाकला.

मग बुधवाऱ्याच्या बाजारात दिसेल त्याला विचारत सुटला. शिंप्याला म्हणाला, "इंजिनेर लोक जेवतात कुठं?" शिंपी म्हणाला, "तोंडानं." सडकेचं काम पाहणाऱ्या इंजिनेर साहेबाला गाठून म्हणाला, "साहेब, तुमचे वडील कुठं असतात?"

"सागरला."

"भेटून किती दिवस झाले?"

साहेब घड्याळ पाहून निघून गेला. अण्णा दोन दिवस नीट जेवला नाही.

शुक्रवारी दुपारी मधू माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं. "काका, आजची डाक चुकली तर संपलं. तुम्ही बोला."

मी गेलो आणि सरळच बोललो. "दामू, सही कर. पोराचं वाटोळं करतो का?"

"माझ्या हाताखाली गवंडी होईल की."

"त्याला धड थापी धरता येत नाही. मागच्या दिवाळीत त्यानं बांधलेली चूल तूच मोडली."

मधू दारातून म्हणाला, "दोनदा."

अण्णा हसला नाही. हाताचा वाळलेला चुना खरवडत बसला. मग हळूच म्हणाला, "भौ, वहिनी गेल्यावर पहिले आठ दिवस तू काय केलं?"

आठ महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"काय करणार? भाकरी थापायला बसलो की चार होतात. दोन उरतात."

"मग?"

"मग गाईले घालतो."

त्यानं फॉर्म काढला. जीभ दातात धरून एकेक अक्षर गिरवत नाव लिहिलं. शाई वाळायच्या आत मधू पोस्टाकडं पळाला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत अण्णा पाहत राहिला.

"याची माय गेली तेव्हा हा होता," तो म्हणाला. "रिकामं घर मी पाहिलंच नाही, भौ."

मी उठलो, चपला घातल्या.

"त्या दोन भाकरी," मागून तो म्हणाला, "गाईले नको घालू. मी येत जाईन."