सोळा तास आणि एक जिताडा

"सर, सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबई किती लांब? आणि विमानाला किती तास लागतात?"

भर वर्गात हे विचारून दाखवलंस तर दोन बर्फगोळे, अशी प्रणाली आणि अमिषा या मैत्रिणींची पैज होती. दहावीपर्यंत वर्गात तोंड न उघडलेली कल्पिता चक्क उभी राहिली. सर आधी दचकले, मग म्हणाले, "साडेतेरा हजार किलोमीटर. सोळा तास."

कल्पिता थळला घरी आली ती तरंगतच. तीन वर्षांनी तिचा दादा दिपेश सॅन फ्रान्सिस्कोहूनच घरी येणार होता. मंगळवारी रात्री नऊला निघतो, असं त्यानं कळवलं होतं.

"नऊ आणि सोळा. बुधवारी दुपारी एकला मुंबई, चारच्या बोटीनं मांडवा!"

बाबा खूश. "एवढा हिशेब येतोय, तर हिला अलिबागला सायन्सला धाडायलाच पायजे." या एका वाक्यासाठी कल्पिता वर्षभर भांडत होती.

बुधवारी सकाळी नऊला आई दादासाठी आणलेला भलामोठा जिताडा मासा कापत असताना दादाचा मेसेज आला, 'विमानात बसलो.'

"आत्ता बसला?" आईची सुरी थांबली.

"गो आई, रातचा मेसेज हाय. रेंज न्हाय म्हणून आत्ता पोचला!"

चार वाजता मांडव्याच्या धक्क्यावर बाबा हार घेऊन उभे, मागे अर्धी आळी आणि बेंजो पार्टी. चारची बोट आली. बेंजो वाजला, दादा नाही. पाचच्या बोटीला हार एका अनोळखी प्रवाशाच्या गळ्यात पडला. तो बिचारा बायकोला घेऊन नाचलासुद्धा. शेवटची बोटही आली नि रिकामी झाली. दादाचा फोन बंदच.

उपाशी बेंजोवाल्यांना तसंच कसं पाठवणार? जिताडा त्यांनी काट्यासकट संपवला.

"अलिबाग बंद!" बाबा गरजले. "हिशेब म्हणं!"

गुरुवारी सकाळी दादा स्वतःच बॅग ओढत दारात. "धक्क्यावर कुत्रंपण न्हाय? आणि आई, जिताडा कुठंय?"

"बेंजोवाल्यांच्या पोटात," आई म्हणाली आणि तिनं सुकट भाजायला घेतली.

सगळं ऐकून दादा हसतच सुटला. "अरे, मंगळवारची रात्र तिथली! इथं तवा बुधवारची सकाळ. सोळा तास बरोबरच हायेत."

बाबांनी कल्पिताकडे पाहिलं. काल मान खाली घालून झोपायला गेलेली पोरगी आज कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ऐकलंत? तास बरोबर होते. घड्याळ कुणाचं, एवढंच विचारायचं राहिलं. पहिला प्रश्न विचारायला मला पंधरा वर्षं लागली. दुसरा राहिला, म्हणून मी आता गप्प बसायची न्हाय. बाबा, आई, दहावी झाली की मी अलिबागला सायन्सला जाणार. बेंजो आत्ताच सांगून ठेवा!"